सिकलसेल : रोग्याचे म्हणणे ऐकायचे कोणी?

विदर्भातील बौद्ध वस्त्यांत सिकलसेल हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. इंदोरा असो, पाचपावली असो, कामठी असो की भंडारा-चंद्रपूरकडची खेडी असोत, स्वतःच्या घरात नसेल तर नात्यागोत्यात बहुधा एखादा रोगी निघतोच. रक्ततपासणीची शिबिरे भरतात, विहारात डॉक्टर मंडळींची भाषणे होतात, १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन साजरा होतो. हे सर्व चांगलेच आहे. पण या सगळ्या धामधुमीत एक माणूस मुका राहून जातो, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष रोगी. त्याच्या रक्तात काय आहे ते मशीन सांगते, त्याने काय खावे ते आजी सांगते, कोणते औषध घ्यावे ते डॉक्टर सांगतात आणि लग्न कुणाशी करावे ते काका सांगतात. बाबा रे, तुला काय वाटते, तुला काय हवे, असे विचारणारा मात्र कुणी भेटत नाही.

आम्ही वस्तीतल्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ हसले. म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या गरिबाची कसली आली पसंती? मिळंल ते घ्यावं अन् गुमान घरी यावं." त्यांचा दोष नाही. उरलेसुरले, शिळेपाके जे मिळेल ते पदरात घ्यावे आणि वर तोंड करून बोलू नये, हीच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांना दिली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला त्या शिकवणीतून बाहेर काढले. शाळेत, कचेरीत, निवडणुकीत आपण ती टाकूनही दिली. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकले की मात्र तीच जुनी वाकलेली मान परत येते. रोग्याला विचारणे ही श्रीमंतांच्या इस्पितळातली चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. निदान सिकलसेलमध्ये तरी रोग्याला विचारल्यावाचून उपचारच होऊ शकत नाही.

आजाराची माहिती बहुतेकांना आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या रोग्यात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा भाग रक्तावाचून उपाशी राहतो. हाडे, छाती, पोट, पाठ, कुठेही असह्य ठणका उठतो. १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचे वर्णन प्रथम छापले. त्यांचा रोगी वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यकी शिकणारा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळला, आणि आपल्या नागपूरकडची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी जगाला कळले की मध्य भारतातील आपल्या समाजात हा दोष आहे. काही लोक याला 'रक्तातला डाग' म्हणतात. तो शब्द आम्हाला मान्य नाही. ज्या प्रदेशांत हजारो वर्षे हिवतापाने माणसे मेली तेथे या जनुकाची एक प्रत बाळगणारे लोक हिवतापापासून काही अंशी वाचले, म्हणून ते टिकून राहिले. आफ्रिकेत तेच झाले, अरबस्तानात तेच, आणि गोंडवनातही तेच. यात डागासारखे काय आहे?

दुखणे मशीनमध्ये दिसत नाही

हाड मोडले तर क्ष-किरणाच्या फोटोत दिसते. ताप थर्मामीटरवर दिसतो. सिकलसेलचा ठणका कुठल्याही तपासणीत दिसत नाही. तो किती आहे, नेहमीसारखा आहे की वेगळा, कालच्यापेक्षा वाढला की उतरला, हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक असते. त्या माणसावर विश्वास ठेवला नाही तर डॉक्टरच्या हाती उरतेच काय?

आमच्या ओळखीच्या एका घरात बारावीची मुलगी आहे. रात्री-बेरात्री मांड्या आणि कंबर धरून रडते, पण दवाखान्यात चल म्हटले की खाटेचा पाया पकडून बसते. घरचे तिला हट्टी ठरवून मोकळे झाले होते. महिला मंडळातील एका ताईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारले तेव्हा ती बोलली. "ताई, तिथं गेलं का पयले विचारते, उद्या पेपर हाये का? नाटक करून रायली का? मंग दोन घंटे बाकावर बसाव लागते. सुई टोचाले चार-चार जण येते, शीर भेटत नाई. हात हिरवानिळा होते. त्याच्यापेक्षा घरीच दुखलं त बरं."

हट्ट कुठे आहे यात? हा अनुभवातून काढलेला हिशेब आहे. आणि या हिशेबात दवाखान्याने सुधारण्याजोग्या गोष्टी कोणत्या ते तिने नेमके सांगितले. आल्या आल्या दुखणे थांबवा, संशय घेऊ नका, आणि सुई हात बसलेल्या माणसाकडून टोचवा. यातील एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही की मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन लागत नाही.

मोठी मुले आणि तरुण यांच्या वाट्याला आणखी एक आरोप येतो. अमुक इंजेक्शनने मला बरे वाटते असे त्यांनी सांगितले की "याला इंजेक्शनची चटक लागली" अशी कुजबूज होते. वीस-वीस वेळा भरती झालेल्या माणसाला कोणत्या औषधाने उतार पडतो हे माहीत नसेल तर कुणाला असेल? मधुमेहाच्या रोग्याने इन्सुलिनचे नाव घेतले तर त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तर लंडनमधील एका रुग्णालयात इव्हान नेथन स्मिथ नावाचा २१ वर्षांचा सिकलसेलचा रोगी मरण पावला. त्याला श्वास कमी पडत होता, तो प्राणवायू मागत होता, पण त्याचे कुणी ऐकले नाही. शेवटी त्याने रुग्णालयाच्या खाटेवरून, आपल्या मोबाईलवरून, बाहेरच्या रुग्णवाहिका सेवेला फोन लावला! वेळेवर रक्त बदलले असते तर तो बहुधा वाचला असता, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर २०२१ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या खासदारांच्या गटाने अहवाल काढला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'ऐकतच नाही कोणी'. ब्रिटनमध्ये हा आजार मुख्यतः काळ्या लोकांना होतो, आणि काळ्यांचे दुखणे गोऱ्यांना कमी ऐकू येते, हे त्या अहवालात रोग्यांच्याच साक्षींतून पुढे आले. आपल्या वाचकांना त्याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या देशात नियम आधीपासून होता. २०१२ च्या सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की सिकलसेलचा रोगी ठणका घेऊन आला तर अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक द्या, आणि रोगी किंवा त्याची काळजी घेणारा माणूस हा त्या आजाराचा जाणकार आहे असे समजून त्याला विचारा, मागच्या वेळी काय दिले होते, काय लागू पडले, तुझी कशाला हरकत आहे. नियम कागदावर होता आणि तरीही तो मुलगा गेला.

आपल्याकडचे डॉक्टर निर्दय आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. आमच्या मेडिकलची, मेयोची बाह्यरुग्ण विभागातली सकाळची रांग ज्याने पाहिली आहे त्याला कळते की एका निवासी डॉक्टराच्या वाट्याला एका रोग्यासाठी किती मिनिटे येत असतील. डॉक्टर थकलेला असतो, झोप झालेली नसते. म्हणूनच तर रोग्याचे म्हणणे आधीच तयार, लिहून ठेवलेले असावे, असा आमचा आग्रह आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

येथे एक आडवा विचार. शिकलेली माणसेसुद्धा अंगारे-धुपारेवाल्याकडे का जातात, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटायचे. मग ध्यानात आले की तो भोंदू अर्धा अर्धा तास ऐकतो! कधीपासून दुखते, रात्री वाढते का, घरात भांडण झाले का, मनात काय येते, सगळे विचारतो. औषध खोटे असते पण विचारणे खरे असते. ज्या दिवशी विज्ञानाचा दवाखाना तेवढे विचारू लागेल त्या दिवशी त्याचे दुकान निम्मे बसेल.

भगवंतांनी आधी विचारले

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले. पुढे भगवंतांनी पाणी आणवले, आनंदासह त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असे भिक्खूसंघाला सांगितले. हा भाग प्रवचनात नेहमी सांगतात. त्याच्या आधीचा भाग मात्र घाईत सुटतो. भगवंतांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्यापूर्वी त्या भिक्खूला विचारले, तुला काय होते आहे? तुझी काळजी घेणारा कुणी आहे का? नाही, तर का नाही? आधी प्रश्न, मग पाणी.

त्याच ठिकाणी चांगल्या रोग्याची आणि चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे सांगितली आहेत. रोग्याने आपले दुखणे वाढले असेल तर वाढले, उतरले असेल तर उतरले, तसेच्या तसे सांगावे, हे एक लक्षण. वेदना सोसण्याचे धैर्य असावे, हे दुसरे. आपल्या घराघरांत दुसरेच तेवढे पाठ झाले आहे. "सोस बाई, सोस. बाईच्या जातीने एवढं रडू नये." पहिले कुणी सांगत नाही. सोसणे आणि सांगणे ही दोन्ही एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी सांगितलेली आहेत. शुश्रूषा करणाऱ्याने काय करावे? रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे ओळखावे, आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मानवते काय हे न विचारता कसे ओळखणार?

कपाटात पडलेली गोळी

हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध आहे. १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले की या औषधाने मोठ्या माणसांतील ठणक्याचे झटके कमी होतात. १९९८ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. पुढे लहान मुलांतही त्याचा उपयोग दिसला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालरुग्णांवर या आजाराचे मोठे काम केले आहे. भारतातील सिकलसेल सौम्य असतो असे पूर्वी म्हणत. विदर्भातील मुलांत तो तितका सौम्य नाही, हे या कामातून पुढे आले.

एवढे चांगले औषध, मग ते कपाटात का पडून राहते? आम्ही काही घरांत बसून विचारले, आणि उत्तरे ऐकून अवाक् झालो. एकाने औषधाच्या दुकानात विचारले तर दुकानदार म्हणाला, ही कॅन्सरची गोळी आहे. खोटे नव्हते, रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगातही ती देतात. पण बाप घाबरला, आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे असे त्याला वाटले आणि गोळी बंद झाली. एका तरुणाला कुणीतरी सांगितले होते की याने मूल होत नाही. लग्न ठरलेले, कुणाला विचारणार? त्याने गुपचूप गोळ्या नालीत टाकल्या. एका बाईचे कारण तर अगदी साधे. गोळी पंधरा दिवसांची मिळते, ती आणायला गोंदियाकडून नागपूरला यायचे, रोजी बुडते, सोबत लहान लेकरू. "महिन्याची एकडाव देल्ली असती त घेतली असती जी," ती म्हणाली.

दप्तरी या तिघांची नोंद एकच झाली असेल, 'औषध घेत नाही'. कारणे तीन, आणि तिन्हींवर उपाय आहे. पहिल्याला पाच मिनिटे समजावून सांगायचे होते. दुसऱ्याला, हे औषध चालू असताना मूल होऊ देऊ नये, पुरुषानेही काळजी घ्यावी, मूल हवे असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, हे एकांतात सांगायचे होते. तिसरीला गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी आणि रक्ततपासणी मिळायला हवी होती. या औषधावर ठराविक काळाने रक्तातील पेशी मोजाव्या लागतात, म्हणून कुणीही मनाने सुरू-बंद करू नये हे खरेच. पण घेणाऱ्याला विचारून दिलेली गोळी पोटात जाते, न विचारता दिलेली कपाटात.

खाली सही करा

आम्ही कारकुनी करणारे लोक. फॉर्म म्हणजे काय ते आम्हाला चांगले कळते. ज्या फॉर्मवर सही करताना कुणी वाचत नाही असा फॉर्म दाखवा म्हटले तर आम्ही दवाखान्यातला संमतिपत्राचा फॉर्म दाखवू. "खाली सही करा" एवढेच वाक्य कानावर पडते. पुष्कळदा सही नवऱ्याची, दिराची, मामाची असते. ज्याच्या शरीराचा प्रश्न तो स्ट्रेचरवर शुद्धीत असतो, पण कागद त्याच्याकडे जातच नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. समीरा कोहली खटला, जानेवारी २००८. दिल्लीच्या ४४ वर्षांच्या या अविवाहित बाईने तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की रोगी सज्ञान असेल आणि जीव तातडीने धोक्यात नसेल तर संमती त्याचीच पाहिजे, आईची चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. उपचार काय, दुसरा मार्ग कोणता, धोका कोणता, आणि नाही म्हटले तर काय होईल, एवढे सांगून मग घेतलेली संमती ती खरी.

हा निकाल शहरातल्या शिकलेल्या बाईचा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींचे काय झाले ते आठवा. २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. कागदावर संमती असेलही. पण पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड करतो, म्हणून जी बाई गर्भाशय काढून टाकते तिला पसंती होती असे कोण म्हणेल? त्या बहिणींना हवी होती दंडाशिवाय सुट्टी, फडाजवळ पाणी आणि आडोसा, आणि साध्या अंगावरून जाण्यावर साधे औषध. हे विचारले कुणी नाही, शस्त्रक्रिया मात्र झाली. रोग्याचे म्हणणे ऐकायचे म्हणजे त्याच्या मजुरीचे, रजेचे आणि घराचेही ऐकावे लागते ते यासाठी.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना अशी सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ती वाचावी. भिंतीवर नसेल तर कुठे आहे म्हणून विचारावे.

मागितले, अर्धे मिळाले

रोग्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी एकत्र येऊन मागितले की धोरण हलते, याचे उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. आपल्या घरापुरते न पाहता त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जयाताई यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, तपासणी, समुपदेशन आणि सरकारदरबारी पाठपुरावा यांत आयुष्य घातले. २०१८ साली भारत सरकारने रामटेके यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर केली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यांत सिकलसेल आला, तो अशा लोकांच्या रेट्यामुळे.

पण कायदा नीट वाचला तर अर्धाच घास हाती आलेला दिसतो. उच्च शिक्षणात ५ टक्के जागांमध्ये सिकलसेलचा रोगी बसतो, मात्र ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. शिकायला जागा, आणि पोटाला? दाखल्याचीही गंमत आहे. वैद्यकीय मंडळापुढे रोगी उभा राहतो त्या दिवशी तो ठीक असतो, कारण ठीक नसता तर तो उभाच राहिला नसता. महिन्यातील किती दिवस अंथरुणात जातात, वर्षात किती वेळा भरती व्हावे लागते, याचा हिशेब रोग्याच्या तोंडून घेतल्याशिवाय टक्का खरा निघणार नाही.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची घोषणा आहे. आदिवासी बांधवांना अग्रक्रम मिळाला हे योग्यच झाले. विदर्भातील बौद्ध वस्त्या त्यांच्याच रांगेत उभ्या आहेत, हे मात्र आपल्याला वारंवार सांगावे लागेल. आणि मोजणी झाल्यावर, ज्यांना आजार निघाला त्यांना पुढे काय हवे ते विचारणारा रकानाही त्या फॉर्मात हवा.

लग्न आणि लेकरू

आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव २५ टक्के, वाहक होण्याचा ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याचा २५ टक्के. लग्नाआधी तपासणी करावी, याबद्दल दुमत नाही. आमची तक्रार वेगळीच आहे. मुलीची तपासणी होते, मुलाची होत नाही. मुलीचे कार्ड तिला कळायच्या आधी मध्यस्थाला कळते, आणि दुसऱ्या आठवड्यात साऱ्या वस्तीला. वाहक म्हणजे आजारी नव्हे, एवढेही न समजून घेता स्थळे मोडतात. अमेरिकेत १९७० च्या सुमारास काळ्या लोकांची अशीच सरसकट तपासणी झाली. काही राज्यांनी सक्ती केली, लोकांची नोकरी आणि विमा गेला, वाहक तरुणांना तेथील वायुसेनेच्या अकादमीत १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. १९७२ च्या कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी हे तत्त्व आणावे लागले. माहिती ज्याच्या रक्ताची, ती आधी त्याच्याच हाती पडावी.

दोन्ही वाहकांचे लग्न झालेच असेल तर त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा रक्ताच्या अशा आजारासाठीची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करू देतो. पुढे काय करायचे? कुणी मूल ठेवील, कुणी ठेवणार नाही. विहारातील समितीने किंवा सासूने ठरवायची ही बाब नाही. गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी मानतो, नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

एक चाळीस पानी वही

आता वहीबद्दल. आमच्या सूचनेवरून हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुण रोग्याने एक साधी चाळीस पानी वही केली. पहिल्या पानावर नाव, रक्तगट, आजाराचा नेमका प्रकार, एरवी बरा असताना हिमोग्लोबिन किती असते तो आकडा, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी. हा आकडा फार कामाचा. एरवी आठ असणाऱ्याचे साडेसात झाले तर रक्त चढवायची घाई नसते, पण नेहमी दहा असणाऱ्याचे साडेसात झाले तर प्रकरण वेगळे असते. दुसऱ्या पानापासून प्रत्येक ठणक्याची तारीख, कुठे दुखले, काय घेतले, किती वेळात उतरले. मधल्या पानावर त्याने स्वतःच्या मनाने लिहिले आहे :

"डाव्या हाताला शीर सापडत नाही, उजव्या मनगटाजवळ पाहावे. आधी सांगून टोचावे. गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते. बर्फ लावू नये. मला जे सांगायचे ते मलाच सांगावे, आईसमोर सांगू नये, तिला बीपी आहे."

डॉक्टरांनी वही वाचायला अर्धा मिनिट घेतला, असे तो सांगत होता. पुढच्या भरतीत दुसऱ्या डॉक्टरांनी त्यात स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या.

प्रत्येक विहारातील महिला मंडळाने अशा वह्या लिहून घेण्याचे काम हाती घेता येईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी बसून नववी-दहावीच्या मुलामुलींनी लिहावे. मात्र लिहिणाऱ्याने आपले मत घालू नये, रोगी सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावे. लहान लेकरालाही विचारता येते. सहा-सात वर्षांच्या मुलाला हसरा चेहरा आणि रडका चेहरा काढून दाखवला तर आज कोणता, ते बोट ठेवून सांगते.

एक खबरदारी मात्र घरच्यांनी आणि रोग्यानेही पक्की ध्यानात ठेवावी. घरी थांबायचे की जायचे हे विचारून ठरवण्याचे दुखणे वेगळे, आणि विचारत न बसता निघायचे दुखणे वेगळे. १०१ च्या वर ताप, दम लागणे किंवा छातीत दुखणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा बोबडे बोलणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगून ते पांढरे पडणे, पुरुषात लिंगाचा ताठरपणा वेदनेसह काही तास न उतरणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की दिवस, तडक मोठ्या दवाखान्यात जावे. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानचे एम्स येथे उपचाराची सोय आहे, गरोदर भगिनींसाठी डागा रुग्णालय आहे. सिकलसेलच्या रोग्याला रक्त विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे आणि एस.टी.च्या साध्या गाडीत प्रवास सवलतही आहे. त्यासाठी लागणारे ओळखपत्र आणि दाखला यांची झेरॉक्स वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवावी. मूळ कागद घरीच ठेवावे, दवाखान्याच्या धावपळीत ते हरवतात.